तुलना कुणाशी? नवापूर, कराची आणि चिमलखेडी

सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिलं असेल. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातमध्ये. सीमेवर एक बाक आहे, त्याचा अर्धा भाग या राज्यात आणि अर्धा त्या. लोक त्यावर बसून सेल्फी काढतात. सूचना हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. एवढी गंमत सांगून व्हिडिओ संपतो.

याच भागातल्या एका जुन्या सीमेची गोष्ट कुणी सांगत नाही. नवापूरहून गाडी सुरतेकडे निघाली की आधी उच्छल लागतं, मग सोनगढ. दोन राज्यांमधली आजची रेषा १९६० ची. त्याआधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नवापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं, पश्चिम खानदेश जिल्ह्यात. सोनगढ बडोदा संस्थानात होतं. १९०६ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलगे ७ ते १२ वर्षांचे, मुली ७ ते १० वर्षांच्या. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड. म्हणजे डोंगर तेच, जंगल तेच, दोन्हीकडे आदिवासी वस्ती. पण एका बाजूच्या मुलाला शाळेत घेणं सरकारचं काम होतं आणि दुसऱ्या बाजूला ते ज्याच्या-त्याच्या नशिबावर सोडलेलं होतं.

कायदा झाला म्हणून सोनगढच्या जंगलातलं प्रत्येक मूल शाळेत गेलं, असं मुळीच नाही. पण ‘इथे जमणार नाही’ हे कारण मात्र बडोद्यानं निकालात काढलं. हे करणारा राजा मूळचा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. दत्तक जाईपर्यंत, म्हणजे बारा वर्षांचा होईपर्यंत, त्याला स्वतःला अक्षरओळख नव्हती.

गोखल्यांचे आकडे

शिक्षणाची देशोदेशी तुलना करणारा एक अख्खा अभ्यासविषय आहे. त्याला तौलनिक शिक्षण म्हणतात. ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी तुम्हाला ठाऊक असेल. तिच्या २००९ च्या फेरीत शांघाय पहिलं आलं. त्याच फेरीच्या पुढच्या टप्प्यात तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश तळाशी दिसले. त्यानंतर भारत या चाचणीपासून लांबच राहिला. अशा याद्या आल्या की आपल्याकडे दोन दिवस हळहळ होते आणि मग सगळं शांत.

पण अशी तुलना हत्यारासारखी वापरणारा एक मराठी माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. १८ मार्च १९१० रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि देशांची यादीच वाचून दाखवली. एकूण लोकसंख्येपैकी किती टक्के लोक प्राथमिक शाळेत आहेत? अमेरिकेत २१, जपानमध्ये ११, ब्रिटिश हिंदुस्थानात १.९. पुढच्या वर्षी, १६ मार्च १९११ ला, त्यांनी विधेयक आणलं तेव्हा बडोद्याचा आकडाही पुढे केला: ८.६ टक्के.

यातला जपानचा आकडा महत्त्वाचा, कारण जपान आशियातलं. ‘युरोपचं वेगळं, आशियातल्या लोकांना शाळेची ओढच नाही’ हा युक्तिवाद त्यानं बाद होत होता. बडोद्याचा आकडा तर त्याहून टोचणारा. तिथला राजा हिंदी, प्रजा हिंदी, आणि तरीही साहेबाच्या राज्यापेक्षा चौपट मुलं शाळेत. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पण विधेयकातल्या एका अटीकडे बघा. सक्ती सगळीकडे एकदम येणार नव्हती. ज्या भागात आधीच ठरावीक टक्के मुलं शाळेत जात असतील, तिथेच नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला सक्ती लागू करता येणार होती. गोखल्यांच्या मनात ३३ टक्के हा आकडा होता. सरकारचा विरोध बोथट करायला त्यांनी घेतलेली ही सावध भूमिका समजण्यासारखी आहे. पण तिचा अर्थ असा, की विधेयक मंजूर झालं असतं तरी सातपुड्यात ते पोहोचायला किती वर्षं लागली असती कुणास ठाऊक. जिथे शाळाच नाही तिथे ३३ टक्के येणार कुठून? १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात सक्तीचा कायदा आणला, तोही नगरपालिकांपुरता. तळोदा-धडगावच्या पाड्यांना त्याचा उपयोग शून्य.

कराचीत ठरलेली तारीख

स्वातंत्र्यानंतर घटनेनं सांगितलं की १० वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळावं. ते साल उगवायच्या आठवड्यातच कराचीत युनेस्कोची बैठक भरली होती. आशियातल्या सदस्य देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी २० वर्षांची योजना आखली: १९८० पर्यंत आशियातल्या प्रत्येक मुलाला किमान सात वर्षं शाळा. हीच ‘कराची योजना’. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशांनी एकत्र बसून एक मोजपट्टी ठरवली, ही गोष्ट साधी नव्हती. पुढे आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेसाठीही अशा बैठका झाल्या.

१९८० आलं आणि गेलं. १९९० मध्ये थायलंडमधल्या जोमतिएनला ‘सर्वांसाठी शिक्षण’ परिषद झाली, मुदत २०००. मग डाकार, मुदत २०१५. मग दक्षिण कोरियातलं इंचॉन, मुदत २०३०. आमच्या धंद्यात याला टिकेट पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलणं म्हणतात. फरक एवढाच की इथे ढकललेलं प्रत्येक टिकेट म्हणजे मुलांची एक अख्खी पिढी आहे.

ही गोम ओळखलेला माणूसही मराठीच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. या आयोगात ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, सोव्हिएत रशिया आणि जपान इथले तज्ज्ञ सदस्य होते; तोक्योच्या वासेदा विद्यापीठाचे सादातोशी इहारा त्यातलेच एक. जग असं टेबलाभोवती बसलेलं असताना आयोगानं शिफारस काय केली? प्रत्येक राज्यानं आणि प्रत्येक जिल्ह्यानं आपापला प्राथमिक शिक्षणाचा आराखडा करावा. १९७५-७६ पर्यंत सगळ्यांना पाच वर्षांचं आणि १९८५-८६ पर्यंत सात वर्षांचं शिक्षण मिळावं. म्हणजे देशाची सरासरी सोडून जिल्ह्यात उतरा. पुढे १९७५ मध्ये नाईकांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचा विषय समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा हाती न लागणारा त्रिकोण.

पण जिल्हा तरी पुरेसा लहान आहे का? नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. तोपर्यंत अक्राणी, अक्कलकुवा हे तालुके धुळ्याच्या सरासरीत विरघळलेले होते. वेगळा जिल्हा झाल्यावर तो राज्यात साक्षरतेच्या यादीत शेवटी दिसू लागला. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर, नंदुरबारची सुमारे ६४. लोक तेच, डोंगर तेच; सीमा आखली म्हणून ते नजरेला आले.

मी पुण्यात एका कंपनीत सर्व्हरच्या कामगिरीचे डॅशबोर्ड बनवतो. सर्व्हर किती वेळात उत्तर देतो हे बघताना आम्ही सरासरीवर विसंबत नाही. सगळ्यात उशिरा उत्तर मिळालेल्या एक टक्का रिक्वेस्ट वेगळ्या काढतो, कारण खरा बिघाड तिथे सापडतो. शिक्षणाच्या आकड्यांत हा एक टक्का म्हणजे सातपुडा.

एकच बँक, दोन कर्जं

जोमतिएन परिषद भरवणाऱ्या संस्थांमध्ये युनेस्को आणि युनिसेफबरोबर जागतिक बँकही होती. याच बँकेनं १९८५ मध्ये सरदार सरोवर धरणासाठी कर्ज मंजूर केलं होतं. त्या धरणात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यातलं पहिलं. आंदोलन झालं, बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं १९९२ मध्ये पुनर्वसनावर कडक ताशेरे ओढले आणि १९९३ मध्ये उरलेलं कर्ज थांबलं. पुढच्या वर्षी बँकेच्या पैशांतून देशात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे डीपीईपी, सुरू झाला. ज्या जिल्ह्यांत स्त्रियांची साक्षरता कमी ते आधी, असा त्याचा निकष. दुसऱ्या टप्प्यात धुळे जिल्हा होता, आणि नंदुरबार तेव्हा त्यातच होता. एकाच बँकेच्या एका कर्जातून गाव बुडणार होतं आणि दुसऱ्या कर्जातून त्याच भागात शाळा सुधारणार होती.

दरम्यान नर्मदाकाठच्या गावांनी कुणाची वाट पाहिली नाही. सरकारी दप्तरात शाळा होत्या, पण गुरुजी क्वचितच फिरकत, असं आंदोलनातले लोक सांगत. १९९१-९२ मध्ये चिमलखेडी आणि निमगव्हाणला ‘जीवनशाळा’ सुरू झाल्या. मुलं शाळेतच राहायची. शिकवणारे बहुतेक आसपासच्याच पाड्यांतले तरुण. कुडाच्या भिंती गावानं श्रमदानातून उभ्या केल्या. सुरुवातीला पावरी-भिलीतून बोलणं, मग हळूहळू मराठी, आणि चौथीची परीक्षा मात्र सगळ्यांसारखी. पाणी चढत गेलं तशा काही शाळा वर हलवाव्या लागल्या.

जोमतिएनच्या जाहीरनाम्यात ‘शिकण्याच्या मूलभूत गरजा’ असा शब्दप्रयोग आहे. चिमलखेडीत तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही. पण गरज काय, हे तिथल्या लोकांना पक्कं माहीत होतं. तलाठ्याचा कागद वाचता यायला हवा, आणि तो वाचायला शिकताना घरची भाषा विसरायला लागू नये.

पहिलीतली भाषा

कराची ते इंचॉन या सगळ्या मोजपट्ट्यांत एक खाच राहते. त्या मूल शाळेत आलं का हे मोजतात, अलीकडे वाचता येतं का हेही मोजतात. कुठल्या भाषेत, हा प्रश्न मागे पडतो. युनेस्कोनं १९५३ मध्येच सांगितलं होतं की सुरुवातीचं शिक्षण मातृभाषेतून व्हावं. १९५६ मध्ये घटनेत कलम ३५०-अ आलं, तेही भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी हेच सांगतं. नंदुरबारच्या डोंगरात मातृभाषा म्हणजे पावरी, भिली, मावची. मराठी नव्हे.

माझ्या घरी अहिराणी बोलतात. ‘काय करी ऱ्हायना’ म्हणणाऱ्या मुलाला ‘काय करतोस’पर्यंत यायला फार वेळ लागत नाही. पण आमच्या वर्गात धडगावकडून आलेला एक मुलगा होता, तो पहिले कित्येक महिने बोललाच नाही. गुरुजी त्याला लाजाळू म्हणायचे. मधल्या सुट्टीत भाऊ भेटला की तो इतका बोलायचा की आम्ही बघत राहायचो.

२००५ पासून ‘प्रथम’ ही संस्था ‘असर’ पाहणीत घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देते. मुंबईत सुरू झालेल्या संस्थेची ही पद्धत पुढे पाकिस्तान आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत पोहोचली. आशियात जन्मलेली, साधी आणि प्रामाणिक मोजपट्टी. पण महाराष्ट्रात तिचा उतारा मराठीत असतो. पावरी बोलणारं मूल अडखळलं, तर ते अक्षरांना अडखळलं की भाषेला, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

मग शिकायचं कुणाकडून? फिनलंड, सिंगापूर सोडा, फिलिपिन्स बघा. डोंगर, बेटं, शंभराहून जास्त भाषा. त्यांनी २०१२ पासून बालवर्ग ते तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवणं देशभर लागू केलं. पुस्तकं कमी पडली, त्या-त्या भाषेचे शिक्षक कमी पडले, आणि २०२४ मध्ये कायदा करून ती सक्ती काढली. नंदुरबारला उपयोगी पडेल असा धडा यात आहे: आधी शिक्षक आणि पुस्तक, मग फतवा. जीवनशाळांनी नेमका हाच क्रम पाळला होता. आधी पाड्यातला पावरी बोलणारा तरुण, मग शाळा.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणायचे आदेश निघाले, राज्यभर विरोध झाला आणि जूनअखेर ते मागे घेतले गेले. लहान मुलावर परकी भाषा लादू नका, हा त्या विरोधातला मुख्य मुद्दा, आणि तो मला पटतो. पण तोच मुद्दा घेऊन तोरणमाळचा घाट चढलो, तर वर मराठीची काय जागा लागते? पावरी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीसाठी पहिल्या दिवसाची मराठी ही आपल्यासाठी हिंदीहूनही लांबची भाषा आहे. तिला मराठी यायला हवी, चांगली यायला हवी. प्रश्न ती कुठल्या पायरीवरून चढायची याचा आहे. मराठीच्या बाजूनं आपण जो युक्तिवाद केला, तो पावरीला नाकारायचा असेल तर आधी तो आपल्याला सोडावा लागेल.

गोखल्यांनी जपान आणि बडोदा पुढे ठेवून साहेबाला विचारलं होतं: तिकडे जमतं, मग इथे का नाही? तोच प्रश्न आज सातपुड्यातल्या पाड्यांनी पुण्या-मुंबईला विचारायचा ठरवला, तर तुलनेसाठी त्यांना जपानपर्यंत जावं लागणार नाही. पुण्यातल्या मुलाला पहिल्या दिवशी बाईंचं बोलणं कळतं. तेवढं अक्राणीतल्या मुलाला कळायची मुदत २०३० आहे, की पुन्हा एकदा पुढची?