पंचाचं ताट

नीरेकाठच्या जत्रांमधल्या कुस्त्या आबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकल्यात, की त्यातलं पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती, ते आता मला सांगता येत नाही. तांबड्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल कालवायचं. आधी पोराटोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, उन्हं कलली की नामांकित जोड्या. हलगी कडाडली की आबा धोतराचा सोगा खोचून उभे. १९७६ साली अकलूजलाच महाराष्ट्र केसरी भरली, हिरामण बनकरांनी गदा मिळवली. तेव्हा म्हणे आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आजी पहाटेपासून भाकऱ्या थापत होती.

तेव्हाही सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. एका जत्रेत (गाव कुठलं, यावर आबा आणि थोरल्या चुलत्यांचं कधीच जमलं नाही) पंचांनी कुस्ती दिली आणि ‘पाठ टेकलीच न्हाई’ म्हणून गलका झाला. आधी ढेकळं, मग दगड. आबांनी पंचाला उसाच्या आडोशानं बैलगाडीतून घरी आणलं. आजीनं कपाळावरच्या खोकेत हळद दाबली, मग पाट मांडून शेंगांची आमटी न् भाकरी वाढली. आबा स्वतः हरलेल्या पैलवानाच्या बाजूचे. “निकाल मलाबी पटला न्हाई,” ते म्हणायचे, “पर त्यो आपल्या बोलावण्यावर आला हुता.”

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघंही आपल्याच सोलापूर जिल्ह्याचे! खरं तर ऊर भरून यायचा दिवस. पण ‘बाहेरची टांग’ या डावाला दिलेल्या चार गुणांवरून रान पेटलं. पंचांना फोनवर धमकी गेली, पैलवानांच्या जातीधर्मापर्यंत लोक उतरले. ऐन संक्रांतीच्या तोंडावर आमच्या घरातही दोन चुलतभावांनी अबोला धरला. नोव्हेंबरात सिकंदरनं फुलगावला गदा जिंकली, तेव्हा कुठं एकानं दुसऱ्याला फोन लावला.

मला राग येतो तो याचाच. ज्या पोरांसाठी आपण भांडतो, त्यांना पुन्हा त्याच मातीत, त्याच गड्याशी खेळायचं असतं. आपल्या शिव्या त्यांच्या खुराकात बदामाइतकीही भर घालत नाहीत, उलट पंच व्हायला पुढं येणारा माणूस मागं सरतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पैलवान शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. त्या रात्री जेवताना घरात पुन्हा दोन तट पडले. “अन्याव झाला, मग मारणारच की,” असं पुतण्या तावातावानं म्हणाला. लाथ खाल्लेल्या पंचाचं नाव काय, असं मी विचारलं. पंगतीत कुणालाच ते ठाऊक नव्हतं.