मराठी बोलपट कोणाला हसला?

विनोदी बोलपट हा विषय वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभतो काय, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यावर आमचे उत्तर असे की, समाज कोणापुढे हात जोडतो यावरून त्याची श्रद्धा कळते, आणि तो कोणाला हसतो यावरून त्यातील वरची-खालची पायरी कळते. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी चित्रपट बोलू लागला. तेव्हापासून पडद्यावर हसू कोणाचे झाले, ते कोणी केले, आणि त्या हशात आम्हां वऱ्हाडकरांची जागा कोठे होती, एवढाच हिशेब रिसोडच्या श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

पहिला टप्पा कोल्हापूरचा. हंस पिक्चर्सने १९३८ साली ‘ब्रह्मचारी’ काढला. लेखन आचार्य अत्रे यांचे. दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका मास्टर विनायक यांची. नायक औदुंबर ब्रह्मचर्यावरचे एक व्याख्यान ऐकतो, जमविलेली नट्यांची चित्रे फेकून देतो आणि एका आचार्यांच्या संस्थेत दाखल होतो. पुढे किशोरी भेटते आणि प्रतिज्ञेचे जे व्हावयाचे ते होते. व्याख्यान ऐकून तडकाफडकी जन्माचा निश्चय करणाऱ्यांनी हा बोलपट अवश्य ध्यानात ठेवावा! पुढच्याच वर्षी ‘ब्रँडीची बाटली’ आला. त्या साली मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदी आणली, आणि इकडे पडद्यावर दामुअण्णा मालवणकरांचा भोळा म्युनिसिपल कारकून एका आजाऱ्यासाठी ब्रँडी शोधत हिंडू लागला. शिकलेला पांढरपेशा वर्ग येथे स्वतःलाच हसला, हे या विनोदाचे मोठेपण होय. १९५२ चा राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ आणि १९५३ चा पु. ल. देशपांडे यांचा ‘गुळाचा गणपती’ याच घराण्यातले. परंतु लेखणी आणि बहुतेक विषय त्या एका वर्गाचेच राहिले. शेतकरी तिकीट काढून हसला असेल. हशाचा धनी मात्र तो नव्हता.

ती धनकी १९७१ साली बदलली. गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेले दादा कोंडके ‘सोंगाड्या’त खेड्यातला भाबडा नाम्या होऊन आले. तमाशातला सोंगाड्या पूर्वापार राजाची आणि पाटलाची फजिती करीत आलेला आहे. तोच आता नायक झाला. सुशिक्षितांनी नाके मुरडली, कारण द्व्यर्थी बोलणे त्यांना खटकले. तो आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता, आणि पुढे पुढे तर तो अधिकच खरा ठरला. तरीही खेड्यातला साधा माणूस चित्रपटाच्या मध्यभागी उभा राहिला, हे विसरून चालणार नाही.

‘सोंगाड्या’ लिहिणाऱ्या वसंत सबनीसांनीच १९८८ साली सचिन पिळगावकर यांच्यासाठी ‘अशी ही बनवाबनवी’ लिहिला. कथेचा मूळ धागा हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटातला. पुण्यात चार तरुणांना भाड्याने जागा मिळत नाही; म्हणून दोघे लुगडी नेसतात. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या या खेळाला आजही लोक हसतात. पण त्या हसण्याच्या तळाशी जे दुःख आहे, ते खेड्यातून शहरात गेलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

त्यानंतरचा टप्पा पुन्हा खेड्याकडे वळला. उमेश कुलकर्णी यांच्या ‘वळू’त (२००८) एका मोकाट बैलाला धरण्यासाठी सरकारी अधिकारी येतो, आणि बैलापेक्षा गावच अधिक उघडे पडते. त्यांच्याच ‘देऊळ’ने (२०११) देवाच्या नावावर चालणारा बाजार दाखविला आणि राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळविला. येथे खेडे हास्याचे निमित्त उरले नाही. ते स्वतःकडे पाहू लागले.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. उत्तर अटलांटिक महासागरात आइसलंड नावाचे बेट आहे. सारी लोकसंख्या चार लाखांच्या आत, म्हणजे आपल्या वाशीम जिल्ह्याहूनही कमी. तेथला ‘रॅम्स’ (२०१५) हा चित्रपट दोन मेंढपाळ भावांचा. घरे शेजारी, पण चाळीस वर्षे बोलणे बंद. चिठ्ठ्या कुत्रा नेतो-आणतो. मग मेंढरांवर रोग येतो, कळप मारण्याचा हुकूम सुटतो, आणि हसता हसता घसा दाटतो. कानच्या महोत्सवात एका विभागाचे प्रमुख पारितोषिक त्याला मिळाले. धुऱ्यावरून अबोला धरणारे भाऊ ज्यांनी पाहिले आहेत, त्या वऱ्हाडकरांना यात परके काय वाटावे? एवढ्याशा भाषेने आपला विनोद आपल्याच मेंढवाड्यातून उचलला आणि तो जगाला कळला.

आता आमचा हिशेब. मराठी पडद्यावर वऱ्हाडी बोली बहुधा गड्याच्या किंवा शिपायाच्या तोंडी आली. नायकाने प्रमाण भाषेत प्रेम करावे, आणि ‘काऊन’ म्हणताच प्रेक्षकांनी हसावे, असा परिपाठ पडला. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे यांनी २०१४ पासून दूरचित्रवाणीवर ही बोली घरोघरी पोहोचविली, याचा आम्हांस आनंद आहे. पण बोलीला हसणे वेगळे आणि बोलीने हसविणे वेगळे. दुसरी गोष्ट वऱ्हाडाला नवी नाही. शेंडगावचे गाडगे महाराज १९५६ पर्यंत हेच करीत होते. ते कीर्तनात साधा प्रश्न विचारीत, लोक हसून उत्तर देत, आणि त्या उत्तरातच कर्ज काढून सण करणाराची व देवापुढे बकरे कापणाराची फजिती होई. हसणारा आणि हसला जाणारा एकच असे. म्हणून ते हसू कोणाला बोचले नाही, पण पुष्कळांना सुधारून गेले.

ही पुंजी आपल्या घरची आहे. चित्रपटाची यंत्रे मुंबईस असतील, गोष्ट मात्र पैनगंगेच्या काठीही सापडते. आपली मुले शहरात गेल्यावर आपली बोली चारचौघांत गिळून टाकतात, तोपर्यंत ती गोष्ट पडद्यावर कोणी आणणार नाही. तेव्हा आरंभ घरापासूनच व्हावा, एवढीच आमची श्रोत्यांना विनंती.