घाणा, चुन्याचा

सिमेंट येण्यापूर्वी चुना, वाळू आणि विटांची भुकटी पाण्यासह भरडून मळण्याची दगडी सोय. जमिनीत गोल चर बांधून त्यात दगडी चाक उभे करीत. चाकाच्या भोकातून आडवे लाकूड घालून त्याचे एक टोक मधल्या खुंट्याला अडकवीत, दुसऱ्याला बैल किंवा रेडा जुंपीत.

भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला चुनखडी भाजली की कळीचा चुना मिळतो. पाणी घालताच तो तापून फुलतो, फुटतो. यालाच चुना विरवणे म्हणतात. काही खडे मात्र आतून कोरडेच राहतात. असा खडा गिलाव्यात गेला, तर पुढे कधीतरी ओल लागून फुगतो आणि गिलाव्याचा टवका उडवतो. चाकाखाली हे खडे चिरडले जातात. वाळूचा प्रत्येक कण चुन्याने माखला जाऊन माल लोण्यासारखा मऊ होतो, थापीवरून सुटून पडत नाही. भरडण्यात घाई केलेला माल चांगला गवंडी नाकारी, आणि ते योग्यच होते.

दख्खनच्या काळ्या पाषाणातून चुना निघत नाही. त्यामुळे देशावर नाल्याकाठी आणि काळ्या मातीत मिळणारे चुनखडीचे खडे भाजत, कोकण-गोव्यात शिंपले. खड्यांमध्ये मातीचा अंश असल्याने त्यांचा चुना ओलीतही धरतो. शुद्ध चुन्याला हा गुण विटांच्या भुकटीने, म्हणजे सुरखीने येतो. म्हणून हौद आणि टाक्यांच्या गिलाव्यात सुरखी हवीच. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणीही घालीत. बांधकामातला चुना पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू घट्ट होतो.

इंग्लंडमध्ये १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात सिमेंट रुळले तसे घाणे थांबले. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत मात्र सिमेंट घातक ठरते. दगडांच्या दरजा सिमेंटने भरल्या की भिंतीतली ओल कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साचतात आणि पापुद्रे सुटू लागतात. तिथे चुनाच वापरावा.

वासोटा, केंजळगड अशा गडांवर चुन्याच्या घाण्यांचे अवशेष आहेत. गडावरचा चुना कुठे मळला जाई, हे घाण्याच्या जागेवरूनच कळते. म्हणून गडावर फिरणाऱ्यांनी आणि साफसफाई करणाऱ्यांनी घाण्याचे चाक जागचे हलवू नये.