शाईपेन (विदर्भातील वापर आणि निगा)

शाईपेन : (फाउंटन पेन, झरणी). शाईचा साठा पोटात बाळगणारी निबेची लेखणी. 'झरणी' हा प्रतिशब्द शुद्ध मराठीच्या आग्रहातून आला. तो कोशांत सापडतो, दुकानात कोणी मागत नाही. लुइस वॉटरमन यांना १८८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मिळालेल्या पेटंटनंतर हे पेन व्यवहारात भरवशाचे झाले. पार्कर, शेफर वगैरे कंपन्यांचा पुढचा इतिहास सर्वत्र उपलब्ध असल्याने येथे गाळला आहे.

रचना : निबेच्या टोकाशी कठीण मिश्रधातूचा कण असतो आणि तेथून मागे बारीक चीर जाते. निबेखाली खाचा पाडलेली जीभ असते. शाई केशाकर्षणाने चिरेतून उतरते आणि तेवढीच हवा जिभेच्या वाटेने पोटात शिरते. हवा अडली की पेन चालत नाही, जास्त झाली की गळते. पेनच्या बहुतेक तक्रारी हवेच्या असतात. दोष मात्र शाईला दिला जातो.

सावनेर : नागपूर–छिंदवाडा मार्गावरील तालुक्याचे गाव. नाटककार राम गणेश गडकरी यांचे येथे २३ जानेवारी १९१९ रोजी वयाच्या ३३ व्या वर्षी निधन झाले. 'भावबंधन' हे नाटक त्यांनी अखेरच्या आजारपणात पुरे केले. ते पुरे होणे आणि मृत्यू यांत काही तासांचेच अंतर होते, असे सांगितले जाते. 'राजसंन्यास' अपुरेच राहिले. गडकऱ्यांचा हा काळ मराठी लेखनात मुख्यतः दौत-टाकाचा. टाक दर थोड्या शब्दांनी दौतीत बुडवावा लागे, म्हणून त्या काळच्या हस्तलिखितांत बुडीनंतरचा शब्द गडद आणि पुढचे फिकट होत गेलेले दिसतात. लेखक कुठे थांबला, खाडाखोड त्याच बैठकीतली की नंतरची, हे ताडायला हा चढउतार कामी येतो. शाईपेन आले आणि ओळ एकसारखी झाली. लिहिणाऱ्याची सोय झाली, पण हस्तलिखिते तपासणाऱ्याचा एक साक्षीदार गेला.

वर्धा आणि स्वदेशी पेन : या विषयावरचा विदर्भातला सर्वांत ठळक कागद म्हणजे गांधीजींचे १६ जुलै १९३५ चे वर्ध्याहून लिहिलेले पत्र. ते राजमहेंद्रीचे पेन-कारागीर के. व्ही. रत्नम यांना आहे. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्या हस्ते रत्नम यांनी पाठवलेले पेन आपण वापरून पाहिले, बाजारातल्या विलायती पेनांना ते चांगला पर्याय वाटते, असा त्याचा आशय. गांधीजी आणि रत्नम यांची पहिली भेट १९२१ मध्ये झाली, अशी एक हकिगत प्रचलित आहे. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. रत्नम यांची पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराची. त्यांत शाई ड्रॉपरने थेट पोटात भरतात. पुढे देशी पेनांचा हाच नमुना सर्वदूर रुळला.

शाई : बोरूची काळी शाई काजळी आणि डिंकाची, हिरडा आणि हिराकस यांचीही एक जुनी शाई होती. दोन्ही शाईपेनच्या जिभेत अडकतात, म्हणून पेनला विरघळणाऱ्या रंजकाची पातळ शाई लागते. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि वड्या काढल्या. 'कॅमल' आणि 'इंक' जुळून झालेले 'कॅमलिन' हे नाव नंतरचे. वडी पाण्यात विरघळवून घरी केलेली शाई गाळून घेतलेली बरी. नळाच्या जड पाण्याने क्षार साचतात. उकळून गार केलेले पाणी वापरावे.

ऋतू : नागपूरकडची समजूत अशी की पेन उन्हाळ्यात गळते. हिशेब उलटा आहे. जानेवारीच्या पहाटे पेन १२ अंशांवर असते आणि हातात येऊन ते ३० अंशांकडे जाते. अर्ध्या रिकाम्या पोटात २ मिलिलिटर हवा असेल तर ती सुमारे सहा टक्के फुगते आणि दोन-अडीच थेंब शाई बाहेर ढकलू पाहते. काही शाई जीभ धरून ठेवते, उरलेली वहीवर पडते. मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असते, हात तिच्यापेक्षा गार. तेव्हा हात हवा फुगवत नाही. शाईतले पाणी उडते आणि जीभ सुकते. गळती होतेच, तर कूलरच्या खोलीतले पेन खिशाला लावून उन्हात निघालेल्याची. उपाय साधे आहेत: हिवाळ्यात पोट अर्ध्याखाली जाऊ देऊ नये, उन्हाळ्यात लिहिणे थांबताच टोपण लावावे.

निगा : महिन्या-दोन महिन्यांनी, किंवा शाई बदलताना, निब व जीभ साध्या पाण्यात रात्रभर ठेवून पाणी निवळ येईपर्यंत धुवावी आणि निब खाली करून कापडावर वाळवावी. गरम पाणी टाळावे. एबोनाइटचा काळा रंग त्याने आणि उन्हाने तपकिरी पडतो. स्पिरिट तर नकोच. ड्रॉपरच्या पेनाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा. चिरेत दाढीच्या ब्लेडचे पाते घालून 'पेन चालू करणे' ही शाळकरी विद्या. तिने चीर रुंदावते आणि अक्षर कायमचे जाड होते. थेंब टिपायला खडू फिरवणे ही त्याच वर्गातली दुसरी विद्या; ती मात्र निरुपद्रवी. हातातले पेन दुसऱ्याला दिल्याने निब बिघडते यावर एकमत नाही. जोर देऊन लिहिणाऱ्याला दिले तर बिघडते, इतके खरे.

अक्षर : देवनागरीचे जाड-बारीक वळण बोरूच्या तिरप्या कापाचे. गोल टोकाच्या निबेने ते साधत नाही. अक्षराच्या कडेने शाई फुटते ती मात्र निबेमुळे नव्हे, बहुधा कागदामुळे.

दुरुस्ती : निब बदलून मिळते; जीभ सहसा नाही.