गृहत्यागाचा काळ : सन सिटी आणि वार्धक्यातील स्थलांतराचा प्रश्न

१

उतारवयात राहते घर सोडून समवयस्कांच्या वसाहतीत जावे की नाही, आणि जावयाचे तर केव्हा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कौटुंबिक स्वरूपाचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष का द्यावे, अशी शंकाही कोणी घेईल. परंतु 'केव्हा' या शब्दाचा थोडा विचार केला तर असे आढळून येईल की, घर सोडण्याची वेळ माणूस एकटाच ठरवीत नाही. धर्मशास्त्र, राज्याचे कायदे, मालमत्तेचे व्यवहार आणि करारपत्रांतील अटी या सर्वांचा त्या निर्णयात वाटा असतो, आणि हा वाटा कालमानानुसार बदलत आलेला आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १९६० साली स्थापन झालेल्या सन सिटी या वसाहतीच्या आधारे हा बदल तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडील प्राचीन विचाराचे स्मरण येथे आरंभीच करणे सोयीचे होईल. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने वानप्रस्थ केव्हा स्वीकारावा, याची तीन लक्षणे सांगितली आहेत : अंगावर सुरकुत्या दिसू लागणे, केस पांढरे होणे आणि अपत्याला अपत्य होणे. त्यांपैकी दोन लक्षणे शरीराची असून तिसरे कुटुंबाचे आहे. वर्षांची संख्या येथे कसोटी म्हणून सांगितलेली नाही. पत्नीला पुत्रांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर न्यावे, असाही विकल्प लगेच पुढे दिलेला आहे. म्हणजे निर्णय एकाचा नसून दोघांचा आहे, याची जाणीव त्या शास्त्रकारास होती. पुढे मात्र मध्ययुगीन निबंधकारांनी वानप्रस्थाचा समावेश कलिवर्ज्यांत केला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाची साधार चर्चा आलेली आहे. आचार मागे पडला तरी कसोटीचे स्वरूप ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जो अरण्यात जाऊन कठोर नियमांनी राहावयाचा, त्याच्या अंगी तेवढे बळ शिल्लक असलेच पाहिजे. सुरकुती हे वार्धक्याच्या आरंभाचे चिन्ह आहे, शेवटाचे नव्हे.

२

युरोपात हा प्रश्न निराळ्या रीतीने पुढे आला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सधन वृद्ध माणसे एखाद्या मठाला रोख रक्कम किंवा जमीन देत आणि त्याच्या बदल्यात मरेपर्यंत अन्न, पेय, वस्त्र व राहावयास खोली मिळवीत. या हक्कास 'कॉरडी' अशी संज्ञा होती. हा व्यवहार मूलतः आयुर्मर्यादेवरील पैजच होय. रक्कम देणारा लवकर वारला तर मठाचा लाभ, दीर्घायुषी ठरला तर मठाची हानी. तात्पुरत्या निकडीपायी मठांनी अशा कॉरड्या विकाव्यात आणि पुढे त्या ओझ्याखाली दबून जावे, असे वारंवार घडू लागल्यामुळे परवानगीवाचून त्या विकू नयेत, अशा आज्ञा बिशपांना पुनःपुन्हा काढाव्या लागल्या. १५३६ ते १५४० या काळात इंग्लंडमधील मठ विसर्जित झाले आणि हा प्रकारही त्यांच्याबरोबर संपुष्टात आला. परंतु आगाऊ रक्कम घेऊन आजन्म परिपालनाची हमी देण्याची कल्पना नष्ट झाली नाही, हे पुढे दिसून येईल.

वयाची निश्चित संख्या ही मुख्यतः आधुनिक राज्यसंस्थेची देणगी आहे. जर्मनीत १८८९ च्या कायद्याने वृद्धवेतनासाठी ७० वर्षांची मर्यादा घातली. १९१६ मध्ये ती ६५ वर आणण्यात आली. अमेरिकेच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ६५ हीच संख्या स्वीकारली आणि जानेवारी १९४० पासून मासिक वेतन सुरू झाले. पुढे १९५६ साली स्त्रियांना व १९६१ साली पुरुषांना ६२ व्या वर्षापासून, काहीशा कमी दराने, हे वेतन घेण्याची मुभा मिळाली. या सुधारणांचा परिणाम दूरगामी झाला. निवृत्ती ही शरीर थकल्यामुळे येणारी अवस्था न राहता दिनदर्शिकेत आधीच नोंदवून ठेवता येणारी घटना बनली. सुरकुतीची जागा जन्मदाखल्याने घेतली. हातीपायी धड असलेला, दरमहा ठराविक उत्पन्न असलेला, पण काम नसलेला असा एक मोठा वर्ग त्यामुळे प्रथमच अस्तित्वात आला.

३

या वर्गासाठी स्वतंत्र गाव वसविण्याचा एक आद्य प्रयत्न म्हणजे फिनिक्स शहराच्या वायव्येस १९५४ साली बेन श्लायफर यांनी स्थापन केलेले यंगटाऊन. त्यापूर्वीही बंधुसंघांनी आपल्या वृद्ध सभासदांसाठी आश्रयस्थाने काढली होती. फ्लोरिडातील मूसहेवन हे १९२२ सालचे. पण तेथे प्रवेश मिळे तो सभासद म्हणून. यंगटाऊनमध्ये घर विकत घेऊन राहावयाचे होते, आणि आश्रित व मालक यांच्यातील हा भेद सामान्य नव्हे.

यंगटाऊनच्या शेजारीच, पूर्वी कापूस पिकत असलेल्या जमिनीवर, डेल वेब यांच्या बांधकाम कंपनीने १ जानेवारी १९६० रोजी सन सिटी लोकांस खुली केली. नमुन्याची पाच घरे, गोल्फचे मैदान, करमणूक केंद्र आणि दुकानांची रांग एवढी सिद्धता आधी करून मगच गिऱ्हाइकांस बोलावण्यात आले. पहिल्या दोनतीन दिवसांत सुमारे एक लाख माणसे ही वसाहत पाहून गेली असे सांगतात. ३ ऑगस्ट १९६२ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर 'टाइम' साप्ताहिकाने वेब यांचे चित्र छापले, यावरून या प्रयोगाने तत्कालीन समाजाचे लक्ष किती वेधले होते, हे कळून येते. १९७८ च्या सुमारास मूळ वसाहतीचे बांधकाम पुरे झाले. आज तेथील लोकसंख्या सुमारे ४० हजार आहे.

प्रवेशाची अट साधी होती : घरातील एका तरी व्यक्तीचे वय ५० असावे, आणि लहान मुलांचा कायम निवास नसावा. मनूच्या कसोटीशी ही अट ताडून पाहिली असता एक गमतीचा विरोध दृष्टीस पडतो. तेथे नातवंडाचा जन्म ही गृहत्यागाची खूण होती. येथे नातवंड पाहुणे म्हणूनच येऊ शके. दुसरी गोष्ट अशी की, ५० ही संख्या केवळ खालची मर्यादा सांगते. केव्हा यावे, याचे उत्तर जाहिरातींनी दिले, आणि ते उत्तर 'शक्य तितक्या लवकर' असे होते. शुश्रूषा, आजार, परावलंबन यांचा उच्चार त्या जाहिरातींत कटाक्षाने टाळला जाई. खेळ, पोहणे, हस्तव्यवसाय आणि नवी मैत्री यांचे चित्र रंगविले जाई. उत्तरेकडील थंड प्रदेशातील कर्जमुक्त घर विकावे आणि त्या पैशातून येथे नवे घर घ्यावे, असा हिशेब अनेकांच्या बाबतीत जुळून येत असे.

४

या कल्पनेस विरोध झाला नाही असे नाही. नगररचनेचे विख्यात भाष्यकार लुइस ममफर्ड यांनी सन सिटीच्या चार वर्षे आधीच, १९५६ साली, वृद्धांना वेगळे काढू नये, सर्व वयांच्या वस्तीत सामावून घ्यावे, असे एका लेखात आग्रहाने प्रतिपादिले होते. उलटपक्षी, १९६१ साली कमिंग व हेन्री या संशोधकांनी वृद्ध व समाज हे परस्परांपासून हळूहळू दूर होत जाणे स्वाभाविकच आहे, असा सिद्धांत मांडला. सन सिटीतील रहिवाशांचे जीवन या दोन्ही मतांत पुरतेपणी बसत नाही. ती माणसे समाजापासून दूर झाली, पण निष्क्रिय झाली नाहीत. त्यांनी आपल्यापुरता दुसरा समाज उभारला.

या दूर होण्याचे परिणाम इतरांनाही भोगावे लागले. शेजारच्या पीओरिया शाळाजिल्ह्याने इमारतींसाठी कर्जरोखे काढण्याचे जे प्रस्ताव मतास टाकले, ते सन सिटीच्या मतदारांनी वारंवार हाणून पाडले. अखेर १९७४ साली सन सिटी त्या शाळाजिल्ह्यातून वेगळी करण्यात आली. ज्यांची मुले अन्य राज्यांतील शाळांत शिकून मोठी झाली होती, त्यांनी येथील मुलांच्या शाळांना कर का द्यावा, हा त्यांचा युक्तिवाद. तो हिशेबाच्या दृष्टीने बिनचूक असेल. पिढ्यांच्या परस्पर ऋणाच्या दृष्टीने तो अपुरा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे उदाहरण न्यायालयीन आहे. वसाहत दक्षिणेकडे वाढत वाढत गुरे पुष्ट करण्याच्या एका मोठ्या गोठ्याजवळ येऊन पोहोचली. तेथे २० ते ३० हजार जनावरे असत. दुर्गंधी व माशा यांमुळे घरे विकली जाईनात, तेव्हा १९६७ साली वेब यांच्या कंपनीने स्पर इंडस्ट्रीज या गोठेमालक कंपनीविरुद्ध दावा लावला. १९७२ साली ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय कायद्याच्या विद्यार्थ्यांस सुपरिचित आहे. रहिवाशांच्या आरोग्यासाठी गोठा हलवावा, परंतु उपद्रवाजवळ वस्ती नेली ती कंपनीनेच. सबब हलविण्याचा वाजवी खर्च तिने द्यावा, असा तो निर्णय होता. घर घेणाऱ्या वृद्धाला जागेची निवड आपण केली असे वाटत असले, तरी त्या निवडीच्या मर्यादा दुसऱ्याच कोणी आधी आखलेल्या असतात, हे या खटल्यावरून स्पष्ट होते.

५

येथपर्यंत वसाहतीच्या तारुण्याचा वृत्तान्त झाला. परंतु ६० व्या वर्षी आलेला रहिवासी २० वर्षांनी ८० वर्षांचा होतो, आणि सगळे एकाच सुमारास आलेले असल्याने सगळी वसाहत एकदमच वृद्ध होते. १९७० साली सन सिटीत रुग्णालय सुरू झाले. पण रुग्णालय वेगळे आणि नित्याची शुश्रूषा वेगळी. १९६५ च्या मेडिकेअर कायद्यानेही दीर्घकालीन नित्य शुश्रूषेचा भार उचलला नव्हता. जोडीदार गेला, मोटार चालविणे सुटले, स्नानासही मदत लागू लागली म्हणजे दुसऱ्यांदा घर सोडण्याची वेळ येई. पहिले स्थलांतर हौसेचे व दोघांचे. दुसरे निरुपायाचे व एकट्याचे. कोणत्याही जाहिरातीत या दुसऱ्या स्थलांतराचा मुहूर्त सांगितलेला नव्हता.

यावर तोडगा म्हणून आजन्म परिपालनाचे करार पुढे आले. प्रारंभी मोठी रक्कम भरावी, सुदृढ असेतो स्वतंत्र सदनिकेत राहावे, आणि पुढे त्याच आवारात शुश्रूषा मिळावी, अशी ही योजना. मठातील कॉरडीशी तिचे साम्य उघड आहे, आणि तिचा धोकाही तोच. मेथडिस्ट चर्चशी संबंधित अशी पॅसिफिक होम्स ही संस्था कॅलिफोर्निया, ॲरिझोना व हवाई येथे वृद्धनिवास चालवीत असे. रहिवासी अपेक्षेपेक्षा अधिक जगले, खर्च वाढले, नव्यांनी भरलेल्या रकमांतून जुन्यांचा खर्च भागविण्याची पाळी आली, आणि १९७७ साली संस्थेने दिवाळे जाहीर केले. आयुष्याची पुंजी आधीच देऊन बसलेल्या वृद्धांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. १९८० साली तडजोड झाली. चौदाव्या शतकातील बिशपांनी ज्या गोष्टीविरुद्ध आज्ञा काढल्या, तीच गोष्ट विसाव्या शतकात विमागणिताचे ज्ञान उपलब्ध असताना घडावी, हे विचार करावयास लावणारे आहे.

या करारांत काळाविषयीची एक अट गर्भित असते. सुदृढ असतानाच प्रवेश मिळतो, कारण आजाऱ्यास त्या दराने घेणे संस्थेला परवडत नाही. म्हणजे गरज नसते तेव्हा दार उघडे असते, आणि गरज पडते तेव्हा ते लागलेले असते. 'अजून थोडे थांबू' हा वृद्धांचा स्वाभाविक उद्गार या व्यवस्थेत महाग पडतो. आणि घाई केली, तर संस्थाच आपल्या आधी संपेल की काय, ही धास्ती उरते.

राज्यसंस्थेने यात लक्ष घातले ते मुख्यतः वयाच्या अटीपुरते. १९८८ च्या गृहनिवासविषयक दुरुस्तीने मुले असलेल्या कुटुंबांना नकार देणे बेकायदा ठरविले, पण ज्येष्ठांच्या वसाहतींना सूट दिली. १९९५ च्या कायद्याने ती सूट अधिक सोपी केली : वसलेल्या घरांपैकी निदान ८० टक्के घरांत ५५ वा त्याहून अधिक वयाची एक तरी व्यक्ती असली म्हणजे पुरे. विशेष सेवा पुरविण्याची पूर्वीची अट गळाली. कायद्याने दाराशी वय तपासले. आत शुश्रूषा आहे की नाही, हे तपासणे सोडून दिले.

६

भारतात हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. २००७ च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाहविषयक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निर्धन वृद्धांची सोय करणाऱ्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. स्वतःच्या पैशाने जाणाऱ्यांसाठी केंद्रशासनाने २०१९ साली निवृत्तगृहांविषयी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि २०२४ साली महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणानेही ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम घालून दिले. उद्वाहक, उतरण, न घसरणारी फरशी यांची मापे ठरविणे आवश्यकच आहे. पण सन सिटीचा इतिहास असे सुचवितो की, खरी कसोटी फरशीची नसून कराराची आहे. पहिल्या स्थलांतरानंतर दुसरे करावे लागेल काय, जोडीदाराच्या पश्चात घराचा हक्क कोणाकडे राहील, आणि आगाऊ दिलेल्या रकमेचे रक्षण कोण करील, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याखेरीज 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

निष्कर्ष म्हणून दोन गोष्टी सांगता येतील. एक, गृहत्यागाची वेळ शरीर व कुटुंब यांच्या खुणांवरून ठरविण्याची रीत मागे पडून ती प्रथम राज्याच्या व नंतर बाजाराच्या संख्येने ठरू लागली. परंतु संख्या प्रवेशाची वेळ सांगते, वार्धक्याची नव्हे. दुसरी, मनूपासून आजच्या करारपत्रांपर्यंत एक गोष्ट समान आहे : अंगात बळ असतानाच निघावे, असे सर्वच सांगतात. भेद आहे तो कारणात. शास्त्रकारास ते बळ निघणाऱ्याच्या साधनेसाठी हवे होते. कंपनीस ते आपल्या हिशेबासाठी हवे असते. आपल्याकडील गृहप्रकल्पांची करारपत्रे, जाहिराती आणि सहकारी संस्थांची दप्तरे अद्याप सहज उपलब्ध आहेत. निर्णय घेणाऱ्या पिढीच्या आठवणीही ताज्या आहेत. ती पिढी आहे तोवरच हे साधनसंकलन व्हावयास हवे. या विषयातील 'केव्हा' हा प्रश्न संशोधकालाही लागू आहे.