शाळेची कीर्ति

एखाद्या शाळेची कीर्ति कशांत आहे, असें विचारलें म्हणजे बहुधा तिच्या संस्थापकांचीं व नामांकित विद्यार्थ्यांचीं नांवें सांगण्यांत येतात. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलविषयीं तर हें उत्तर फारच सोपें. कारण चिपळूणकर, टिळक, आगरकर हीं नांवें घेतलीं कीं पुढें बोलावयास जागाच उरत नाहीं. परंतु १८८० च्या जानेवारींत ही शाळा उघडली तेव्हां ‘निबंधमाले’चे कर्ते विष्णुशास्त्री तेवढे महाराष्ट्रास परिचित होते, टिळक हे तरुण पदवीधर, आणि आगरकर यावयाचेच होते. तेव्हां कीर्तीचें मूळ नांवांत नव्हे, दुसरीकडे शोधिलें पाहिजे.

त्या काळीं पदवीधराला सरकारी नोकरी व वकिली या दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. विष्णुशास्त्र्यांनीं रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांतील जागा सोडली. टिळकांनीं कायद्याची परीक्षा उतरूनहि वकिलीचा झगा घातला नाहीं. आगरकर १८८१ सालीं येऊन मिळाले. वामन शिवराम आपटे यांच्यासारखा संस्कृतज्ञ शाळेचा मुख्य झाला, आणि माधवराव नामजोशांनीं बाहेरची खटपट सांभाळली.

या मंडळींची खरी परीक्षा १८८२ सालीं झाली. मार्चांत विष्णुशास्त्री निवर्तले; पुढें कोल्हापूरप्रकरणीं टिळक व आगरकर यांस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. एका वर्षांत तीन प्रमुख शिक्षक वर्गांतून नाहींसे झाले, तरी वर्ग चालतच राहिले. व्यक्ति गेल्यावर जें टिकतें तेंच संस्थेचें खरें भांडवल. दोनच वर्षांनीं, १८८४ सालीं, डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभीं फर्ग्युसन कॉलेज निघालें.

या भांडवलावरच पुढें कलह झाला. आजीव सभासदांनीं अल्प वेतनांत राहून बाहेरची कमाई करूं नये, असा टिळकांचा आग्रह. प्रपंचाच्या अडचणी जाणून नियम थोडा सैल असावा, असें इतरांचें मत. १८९० सालीं टिळकांनीं राजीनामा दिला. आगरकर मात्र १८९५ सालीं मृत्यु येईपर्यंत संस्थेंतच राहिले, आणि १८८५ सालीं शिक्षक म्हणून आलेले गोखले जवळजवळ वीस वर्षें शिकवीत राहिले. यांत कोणाचा पक्ष बरोबर, हा वाद आजहि मिटलेला नाहीं. मला मात्र विशेष वाटतें तें हें कीं, हीं माणसें भांडलीं तीं अधिक मिळावें म्हणून नव्हे, तर किती थोडक्यांत राहावें याच्या मर्यादेवरून.

संस्थापकांचें नांव वारशानें मिळतें. कीर्ति तशी मिळत नाहीं. ती प्रत्येक पिढीच्या शिक्षकांना नव्यानें मिळवावी लागते. म्हणून आपल्या मुलासाठीं शाळा निवडतांना दिवाणखान्यांत कोणाच्या तसबिरी टांगल्या आहेत हें पाहूं नये. आज खालच्या इयत्तेला कोण शिकवितो आणि तो किती मन लावून शिकवितो, एवढेंच पाहावें.