दोनशे मीटरची हद्द

#थ्रेड

(१) नेमून दिलेल्या वारंवारतेच्या हद्दीत राहणे ही हौशी रेडिओचालकाची पहिली शिस्त. पण ही हद्द मुळात कोणी आखली, कशासाठी आखली आणि तिच्या आत ज्यांना कोंडले त्यांनी तिचे काय केले? या प्रश्नांचा धागा १९१२ च्या अमेरिकेत सुरू होतो आणि १९४२ च्या मुंबईपर्यंत येतो.

(२) १९१२ पूर्वी अमेरिकेत बिनतारी संदेश पाठवण्यास परवाना लागत नसे. शाळकरी मुलेही घरी प्रक्षेपक बनवीत. हे प्रक्षेपक विजेच्या ठिणगीवर चालत आणि त्यांची ऊर्जा एका तरंगलांबीवर न राहता आजूबाजूला दूरवर पसरे. परिणामी एका पोराच्या गप्पांत नौदलाचा संदेश बुडून जाई. नौदलाच्या तक्रारी वाढत होत्या.

(३) एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले. आरंभी काही वृत्तपत्रांनी सारे प्रवासी सुखरूप असून जहाज हॅलिफॅक्सकडे ओढून नेले जात असल्याचे छापले. या गोंधळाचे खापर हौशींच्या माथी फुटले. १३ ऑगस्ट १९१२ रोजी अमेरिकेचा रेडिओ कायदा संमत झाला.

(४) कायद्याने खाजगी केंद्रांना २०० मीटरपेक्षा लांब तरंग वापरण्यास मनाई केली आणि शक्ती एक किलोवॉटपर्यंत मर्यादित केली. २०० मीटर म्हणजे सुमारे १५०० किलोहर्ट्झ. तरंग जितका लांब तितका पल्ला मोठा, असा त्या काळचा दृढ समज होता. म्हणजे सुपीक जमीन सरकार व कंपन्यांनी ठेवली आणि हौशींना खडकाळ माळ दिला. हौस आपोआप विझेल, अशी अनेकांची अटकळ होती.

(५) हौस विझली नाही. एकट्याचा आवाज लांब पोहोचत नाही, तर तो हातोहात पुढे न्यावा, या विचाराने हायरम पर्सी मॅक्सिम आणि क्लॅरेन्स टुस्का यांनी १९१४ मध्ये ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ स्थापन केली. १९१७ मध्ये महायुद्धामुळे सारी हौशी केंद्रे बंद करण्यात आली. १९१९ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

(६) डिसेंबर १९२१ मध्ये लीगने पॉल गॉडली यांना स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे पाठवले. तेथे तंबूत बसून त्यांनी अमेरिकेतील हौशींचे संकेत ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधील लेऑं दलॉय यांनी शंभर मीटरच्या आसपास अटलांटिकपार परस्पर संवाद साधला. त्यासाठी श्नेल यांनी अधिकाऱ्यांकडून खास परवानगी घेतली होती, हे विसरू नये. हद्दीपलीकडचा शोधही परवाना घेऊनच लागला.

(७) आखूड तरंग इतके दूर कसे गेले? वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युतभारित कण त्यांना परत पृथ्वीकडे वळवतात. अशा थराची कल्पना केनेली व हेविसाइड यांनी १९०२ मध्येच मांडली होती. त्याचा प्रायोगिक पुरावा ॲपलटन यांनी १९२४ मध्ये दिला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला न्यूझीलंडमधील फ्रँक बेल आणि लंडनच्या मिल हिल शाळेतील विद्यार्थी सेसिल गॉयडर यांनी पृथ्वीच्या दोन टोकांतून संवाद केला.

(८) माळाखाली सोने आहे हे कळताच सारेच तिकडे धावले. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत राष्ट्रांनी तरंगांची वाटणी केली. हौशींना प्रथमच आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, पण जागा आक्रसली. अमेरिकी हौशींकडे ७००० ते ८००० किलोहर्ट्झचा पट्टा होता. १९२९ पासून तो ७३०० वर संपला.

(९) अरुंद पट्ट्यात राहायचे तर यंत्र स्थिर हवे. घरगुती प्रक्षेपकाची वारंवारता वाऱ्याने हलणाऱ्या अँटेनामुळेही सरके. म्हणून क्वार्ट्‌झ स्फटिकाचा वापर वाढला. आजही काठावर सावध राहावे लागते. ‘लोअर साइडबँड’ पद्धतीत आवाज दर्शवलेल्या आकड्याच्या खाली सुमारे तीन किलोहर्ट्झ पसरतो. तबकडीवर ७००१ दिसत असले, तरी प्रत्यक्ष संकेत ७००० च्या खाली, म्हणजे हद्दीबाहेर गेलेला असतो.

(१०) आता भारताकडे येऊ. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने येथे परवान्याविना असे यंत्र बाळगणे हाही गुन्हा ठरला. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’चे मुख्य अभियंता म्हणून कोण आले? मिल हिल शाळेतील तोच सेसिल गॉयडर. हौशींनी सिद्ध केलेले लघुतरंग आता साम्राज्याचा आवाज वाहू लागले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशींचे परवाने रद्द झाले.

(११) ऑगस्ट १९४२. ‘छोडो भारत’ची हाक, नेते तुरुंगात, वृत्तपत्रांवर निर्बंध. मुंबईत उषा मेहता व सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. प्रक्षेपक नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओ जाणकाराने उभारला. पोलिसांना चकवण्यासाठी केंद्र घराघरांतून फिरे. १२ नोव्हेंबरला छापा पडला आणि उषाताईंना अटक झाली.

(१२) या केंद्राची तरंगलांबी होती ४२.३४ मीटर. प्रकाशाच्या वेगाला तिने भागल्यास सुमारे ७०८० किलोहर्ट्झ येतात. हा आकडा वॉशिंग्टनच्या वाटणीत हौशींना मिळालेल्या पट्ट्यातच बसतो. तरंग तोच, पट्टा तोच. परवाना असलेल्या हौशीचा छंद जेथे चालला असता, तेथेच पारतंत्र्यातील बोलणे राजद्रोहासमान ठरले.

(१३) म्हणून हद्दींचा इतिहास वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. एकाच्या संकेताने दुसऱ्याचा संकेत बुडू नये, यासाठी आखलेली रेषा सर्वांच्या सोयीची असते. कोणी बोलूच नये, यासाठी आखलेली रेषा सत्तेच्या सोयीची असते. १९१२ च्या कायद्यात दोन्ही हेतू मिसळलेले होते. १९४२ च्या मुंबईत फक्त दुसरा उरला होता.